पाय कडक, पण जोर कमी

सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांचे पालक फिजिओथेरपिस्टला नेहमी विचारतात असा एक प्रश्न वरवर साधा वाटतो, पण त्याच्या उत्तरात या विषयाचे मर्म आहे. बाळाचे पाय इतके कडक असतात की लंगोट बदलताना मांड्या अलग करायलाही जोर लावावा लागतो. मग त्याच पायांवर ते उभे का राहू शकत नाही? रोजच्या व्यवहारात जे कडक ते बळकट असे मानले जाते आणि घराचा वासा किंवा बैलगाडीचे जू यांच्याबाबत ते खरेही असते. स्नायूच्या बाबतीत मात्र कडकपणा आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी असून, एकच स्नायू एकाच वेळी कडकही असू शकतो आणि अशक्तही. त्यातली ताकद वाढवता येते का, आणि वाढलेली ताकद चालण्यात उतरते का, याचा विचार या प्रकरणात केला आहे. हा विचार करताना पालघर जिल्ह्यातील डहाणू आणि तलासरी तालुक्यांचा, विशेषतः गंजाडसारख्या पाड्यापाड्यांत विखुरलेल्या गावाचा परिसर डोळ्यांसमोर ठेवला आहे, कारण मुलाच्या चालण्याची खरी परीक्षा रुग्णालयाच्या गुळगुळीत फरशीवर होत नाही, ती शेताच्या बांधावर होते.

१. दुखणे पायांत नाही, मेंदूत आहे

गर्भात, जन्माच्या वेळी किंवा आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांत, म्हणजे मेंदू घडत असताना, त्याच्या एखाद्या भागाला इजा झाली आणि त्यामुळे हालचाल व शरीराची ठेवण कायमची बिघडली, तर त्या अवस्थेला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. दिवस भरण्यापूर्वी झालेला जन्म, जन्मताना प्राणवायू कमी पडणे, नवजात बाळाची तीव्र कावीळ आणि मेंदूपर्यंत पोहोचलेला जंतुसंसर्ग ही तिची काही कारणे आहेत, तर अनेक मुलांमध्ये नेमके एक कारण सापडत नाही. इंग्लंडमधील शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी अवघड बाळंतपण आणि मुलांच्या पायांतील ताठरपणा यांचा संबंध १८६१ साली लंडनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थेपुढे मांडला, म्हणून पुढे बरीच वर्षे या अवस्थेला लिटलचा आजार असेच म्हटले जाई.

खेड्यांत आजही अशा मुलाला पोलिओ झाला असे सांगितले जाते. पोलिओचा विषाणू पाठीच्या कण्यातील चेतापेशी नष्ट करतो, त्यामुळे पाय लुळा पडतो. सेरेब्रल पाल्सीत कण्यातील पेशी शाबूत असतात, पण वरून येणारा मेंदूचा हुकूम बिघडलेला असतो, म्हणून पाय बहुधा लुळा न पडता ताठ होतो. भारतात पोलिओच्या मूळ विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला, तेव्हा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या पायाचा दोष पोलिओवर टाकून थांबण्यात उपचाराचा मोलाचा काळ वाया जातो. सेरेब्रल पाल्सी संसर्गाने पसरत नाही, ती आईच्या चुकीची शिक्षा नाही, आणि मेंदूतील मूळ इजा वयाबरोबर वाढतही नाही. वयाबरोबर बदलते ते शरीर. त्यामुळे इजा तीच राहिली तरी तिचे परिणाम बदलत जातात.

२. तारपा आणि नाचणारे

अशक्तपणा कुठून येतो हे समजण्यासाठी गंजाडच्याच परिसरातील एक दृश्य उपयोगी पडते. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्यांनी वारली चित्रकला जगापुढे नेली. त्या चित्रांत वारंवार दिसणाऱ्या तारपा नाचात मधोमध तारपा वाजवणारा असतो आणि त्याच्याभोवती एकमेकांच्या कंबरेला हात घालून नाचणाऱ्यांची वेटोळी रांग असते. तारप्याचा सूर बदलला की रांगेचे पाऊल बदलते.

मेंदू हा तारपा वाजवणारा आणि स्नायूंतील तंतू हे नाचणारे असे मानले, तर ताकद म्हणजे काय ते स्पष्ट होते. स्नायूमध्ये हजारो बारीक तंतू असतात आणि एकेक चेतापेशी त्यांतील एकेका गटाला चालवते. जोर लावायचा असतो तेव्हा मेंदू जास्तीत जास्त गटांना एकदम आणि झपाट्याने हुकूम देतो. सेरेब्रल पाल्सीत हा सूर क्षीण असतो, त्यामुळे थोडेच गट कामाला लागतात आणि तेही उशिरा. शिवाय गुडघा सरळ करताना मांडीच्या पुढच्या स्नायूने ओढावे आणि मागच्याने सैल पडावे अशी वाटणी असते, ती मोडते. दोघेही एकाच वेळी ओढू लागतात आणि बरीचशी ताकद एकमेकांना अडवण्यातच खर्च होते. हे अशक्तपणाचे पहिले कारण झाले.

दुसरे कारण खुद्द नाचणाऱ्यांमध्ये आहे. ज्या स्नायूला पूर्ण काम मिळत नाही तो नीट भरत नाही, म्हणून अशा मुलांचे स्नायू समवयस्कांपेक्षा आकाराने लहान असतात आणि त्यांत आकुंचन पावू न शकणाऱ्या चिवट जोडऊतीचे प्रमाण वाढते. अमेरिकेत केलेल्या आणि १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मेरी वायली आणि डायान दामियानो यांनी अशा मुलांच्या पायांतील निरनिराळ्या स्नायूंची ताकद मोजली, तेव्हा ती सर्वच स्नायूंमध्ये कमी भरली. इतकेच नव्हे, तर शरीराच्या एकाच बाजूला दोष असलेल्या मुलांचा चांगला समजला जाणारा पायही समवयस्कांच्या पायाइतका बळकट नव्हता.

३. मग कडकपणा कशाचा?

सेरेब्रल पाल्सीचे अनेक प्रकार असले तरी बहुसंख्य मुलांमध्ये स्पॅस्टिक, म्हणजे ताठर प्रकार आढळतो. स्नायू झटक्याने ताणला गेला तर त्याने आपोआप आकसावे अशी सोय प्रत्येक शरीरात असते आणि मेंदू तिला सतत लगाम घालत असतो. इजा झालेल्या मेंदूचा हा लगाम सैल पडतो, म्हणून मुलाचा पाय जितक्या झटक्याने हलवावा तितका तो अडतो, पण सावकाश हलवला तर बराच सैल येतो. याशिवाय हाड वाढत असताना आखडलेला स्नायू त्याच्या बरोबरीने लांबत नाही, त्यामुळे काही काळाने खरीखुरी आखूडपणाची अडचणही उभी राहते.

गंजलेली कडी सरकवताना कष्ट पडतात, म्हणून कडीत बळ आहे असे कोणी म्हणत नाही. स्नायूचेही तसेच आहे. कडकपणा हा बाहेरून हलवणाऱ्याला जाणवणारा अडथळा आहे, तर ताकद ही मुलाने स्वतःच्या इच्छेने लावलेला जोर आहे. हा फरक तज्ज्ञांच्याही पचनी पडायला वेळ लागला. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कारेल आणि बेर्टा बोबाथ या दांपत्याच्या पद्धतीचा जगभर प्रभाव होता आणि त्या काळात ताठर स्नायूला जोराचा व्यायाम दिला तर त्याचा ताठरपणा वाढेल, अशी भीती बाळगली जाई. १९९० नंतरच्या अभ्यासांनी ती निराधार ठरवली. योग्य प्रकारे दिलेल्या व्यायामाने ताकद वाढते आणि ताठरपणा वाढत नाही, असे पुन्हा पुन्हा दिसून आले.

मालिश आणि शेक यांचे स्थानही इथे ठरते. आईच्या हाताची मालिश मुलाला सुखावते, पण तिच्यात कष्ट करतो तो आईचा हात, मुलाचा स्नायू नव्हे, म्हणून तिने ताकद येत नाही.

४. एका पावलात किती कामे

चालणे म्हणजे पडता पडता दर पावलाला सावरणे. एक पाय उचलला की सारा भार दुसऱ्यावर येतो आणि त्या बाजूच्या नितंबाच्या बाहेरच्या स्नायूंनी कंबर तोलून धरली नाही, तर शरीर एका बाजूला झुकते. तारपा नाचात शेजाऱ्याच्या कंबरेभोवतीचा हात जो आधार देतो, तोच आधार एकट्याने चालताना हे स्नायू देत असतात. मांडीचा पुढचा स्नायू गुडघा मोडू देत नाही, नडगीपुढचा स्नायू पाऊल वर उचलून बोटे जमिनीला अडकू देत नाही, आणि पोटरी दोन कामे करते: आधी शरीर पुढे कोसळू नये म्हणून नडगीला धरून ठेवते आणि शेवटी टाच उचलून शरीराला पुढे ढकलते.

पोटरी अशक्त असली की नडगी पुढे झुकते, गुडघा वाकतो आणि मूल अर्धवट बसल्यासारखे चालू लागते. ही चाल किती थकवते ते पाहायचे असेल तर गुडघे अर्धे वाकवून एक मिनिट उभे राहून पाहावे. मांड्या भरून येतात. ज्या मुलाला प्रत्येक पाऊल असेच टाकावे लागते, त्याला चालण्यासाठी समवयस्कांपेक्षा अनेकदा दुप्पट ते तिप्पट शक्ती खर्चावी लागते. असे मूल शाळेच्या अर्ध्या वाटेवर बसकण मारते ते आळसाने नव्हे. पोटरीवर एवढे अवलंबून असल्यानेच टाच टेकावी म्हणून टाचेची शीर शस्त्रक्रियेने सैल करण्यापूर्वी नितंब, गुडघा आणि घोटा या तिन्ही सांध्यांचा एकत्रित विचार करावा लागतो. ती गरजेपेक्षा जास्त सैल झाली तर पोटरी आणखी दुबळी होते.

५. पाच पातळ्या आणि एक बांध

प्रत्येक मुलाची क्षमता वेगळी असल्याने तिचे वर्णन करायला एक समान भाषा लागते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाशी संबंधित रॉबर्ट पॅलिसानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली अशी पाच पातळ्यांची पद्धत मांडली आणि ती आज जगभर वापरली जाते. पहिल्या पातळीवरचे मूल चालते, धावते, आधाराशिवाय जिना चढते, फक्त वेग आणि तोल यांत थोडे कमी पडते. दुसऱ्या पातळीवरचे मूल चालते, पण लांबचा पल्ला आणि उंचसखल जमीन त्याला जड जाते. तिसऱ्या पातळीवर कुबड्या किंवा वॉकर लागतो, चौथ्या पातळीवर हिंडण्याफिरण्यासाठी प्रामुख्याने चाकाच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागतो, आणि पाचव्या पातळीवर मान व धड सावरायलाही मदत लागते.

मूल कसेबसे काय करून दाखवू शकते यापेक्षा ते घरी, शाळेत आणि गावात रोज काय करते, यावरून ही पातळी ठरते. शहरातील सपाट वाटेवर सहज फिरणारे मूल पावसाळ्यात भातखाचरांमधल्या निसरड्या बांधावर, ओढ्यातल्या दगडांवर किंवा डोंगरउतारावरच्या पाड्याच्या चढावर अडखळते. म्हणून तपासणाऱ्याने मुलाची रोजची वाट कशी आहे हा प्रश्न विचारायलाच हवा.

६. वाढत्या वयाचा हिशेब

आठव्या-नवव्या वर्षापर्यंत बऱ्यापैकी चालणारे मूल बाराव्या-तेराव्या वर्षी मागे पडू लागले की आजार वाढला असे घरच्यांना वाटते. त्यामागे बऱ्याचदा साधे गणित असते. शरीर सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात वाढले असे धरले, तर स्नायूची ताकद त्याच्या जाडीच्या क्षेत्रफळानुसार वाढते, पण वजन घनफळानुसार वाढते. उंची ११० सेंटिमीटरवरून १३२ झाली, म्हणजे १.२ पट वाढली, तर ताकद १.२ गुणिले १.२, म्हणजे १.४४ पट होईल. वजन मात्र १.२ तीनदा गुणून, म्हणजे सुमारे १.७३ पट होईल. आधी १०० भाग ओझ्याला १०० भाग ताकद होती, तिथे आता १७३ भाग ओझ्याला १४४ भाग ताकद उरते. इतर मुलांकडे ताकदीची शिल्लक असल्याने ही तूट जाणवत नाही, पण ज्याची सारी कमाई रोजच्या चालण्यातच खर्च होते त्याला ती लगेच भोवते. म्हणून वाढीचा वेग येण्यापूर्वीच ताकदीची थोडी शिल्लक जमवणे शहाणपणाचे असते.

७. कळशी ते हंडा: ताकद कशी वाढते

पाणी भरायला शिकणारी मुलगी आधी तांब्या, मग कळशी आणि शेवटी हंडा उचलते. स्नायू बळकट करण्याचे सारे शास्त्र याच क्रमात आहे. भार असा हवा की आठ ते बारा वेळा केल्यावर स्नायू थकावा, आणि तो भार सोपा झाला की वाढवावा. असे एकाआड एक दिवस, आठवड्यातून साधारण तीनदा, निदान दोन-तीन महिने करावे लागते. मधला दिवस स्नायूला सावरण्यासाठी असतो.

याला यंत्रांची गरज नाही हे एका व्यायामावरून दिसते. मूल ओटीवर, खांबासमोर, अशा उंचीवर बसते की त्याचे तळवे जमिनीला पुरते टेकतात. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घेतली जातात, धड पुढे झुकवून नाक पायाच्या बोटांच्या रेषेपर्यंत येते आणि मग मूल उभे राहते. हात खांबाला टेकलेले असतात, पण त्याला लोंबकळत नाहीत. आई समोर उकिडवी बसून गुडघे आत वळत नाहीत ना, एवढेच पाहते. खरे काम त्यानंतरचे असते: चारपर्यंत मोजत सावकाश खाली बसणे, धपकन बसायचे नाही. बारा वेळा सहज जमू लागले की बैठक थोडी खाली आणावी किंवा पाठीवरच्या दप्तरात अर्धा किलो तांदळाची पुरचुंडी ठेवावी. भार आणि आसन फिजिओथेरपिस्टने ठरवून द्यावे. दुखू लागले, फिट आली किंवा मांडीचा सांधा निखळल्याची शंका असली तर थांबून डॉक्टरांना दाखवावे.

मेक्सिकोतील खेड्यांत केलेल्या कामावर आधारलेले डेव्हिड वर्नर यांचे ‘डिसेबल्ड व्हिलेज चिल्ड्रन’ हे पुस्तक १९८७ साली आले. गावातल्याच साहित्यातून अशा मुलांसाठी साधने कशी बनवावीत हे त्यात चित्रांसह दाखवले आहे. अंगणात दोन समांतर बांबू रोवून केलेला चालण्याचा कठडा डहाणूच्या पाड्यावरही एका दुपारी उभा राहू शकतो. शिवाय दिवाळीनंतर अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला जातात, तेव्हा तिथेही सोबत नेता येईल असाच व्यायाम वर्षभर टिकतो.

८. ताकद वाढली, तरी चाल का सुधारली नाही?

इथे एक सत्य स्पष्टपणे सांगायला हवे. काही अभ्यासांत ताकदीबरोबर चालण्याचा वेग वाढला. पण नेदरलँड्समध्ये वनेसा शोल्टेस आणि सहकाऱ्यांनी बारा आठवडे दिलेल्या व्यायामाने मुलांची ताकद वाढूनही त्यांच्या हिंडण्याफिरण्यात लक्षणीय फरक पडला नाही. याचा अर्थ व्यायाम व्यर्थ आहे असा नव्हे. ताकद हे बियाणे आहे. पेरणी व्हावी लागते ती प्रत्यक्ष कामात. मेंदू जे काम पुन्हा पुन्हा करतो तेच शिकतो, म्हणून ज्याला ओढा ओलांडायचा आहे त्याने दगडांवर पाय ठेवण्याचाच सराव करावा लागतो. बळ देणारे व्यायाम आणि मुलाने स्वतः निवडलेल्या ध्येयाचा सराव यांची सांगड घातली, गरजेप्रमाणे घोट्याला आधार देणारा स्प्लिंट वापरला, तरच कमावलेला जोर पावलात उतरण्याची शक्यता वाढते.

प्रगती मोजण्याची एक सोपी रीत आहे. सपाट जागेवर दहा मीटर मोजून मूल नेहमीच्या चालीने ते किती सेकंदांत पार करते ते पाहावे. समजा, आधी २० सेकंद लागत होते, म्हणजे वेग सेकंदाला अर्धा मीटर. तीन महिन्यांनी १६ लागू लागले. चार सेकंदांचा हा फरक क्षुल्लक वाटतो, पण ६०० मीटरवरच्या शाळेसाठी तो २० मिनिटांऐवजी १६ मिनिटे असा होतो, आणि वाचलेल्या चार मिनिटांची शक्ती वर्गात बसताना शिल्लक राहते.

९. जितक्या लवकर, तितके चांगले

शून्य ते अठरा वर्षांच्या मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा देशपातळीवरील आरंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्येच झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी स्वतंत्र जिल्हा झाले. या कार्यक्रमाच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासावीत आणि विकासात मागे पडलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे, अशी योजना आहे. पण पथक येईपर्यंत थांबण्याची गरज नसते. चार महिन्यांनंतरही मान न धरणे, नऊ महिन्यांनंतरही न बसणे, वर्षाच्या आतच एकाच हाताने सारे घेणे, उभे केल्यावर पाय कात्रीसारखे एकमेकांवर येणे किंवा सतत चवड्यांवर उभे राहणे ही लक्षणे आई, आशा ताई किंवा अंगणवाडी सेविका यांच्या नजरेला सहज येऊ शकतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधील एकवीस प्रकारांत सेरेब्रल पाल्सीचा समावेश असल्याने प्रमाणपत्र, शिक्षण आणि साधने यांवर या मुलांचा हक्क आहे, आणि राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षणही आहे.

१०. जे चालणार नाहीत, त्यांच्यासाठीही

चौथ्या आणि पाचव्या पातळीवरची बहुतेक मुले अंगण स्वतःच्या पायांनी ओलांडणार नाहीत, हे कुटुंबाला प्रेमाने पण खरेखरे सांगावे लागते. चालता येणार नसेल तर ताकदीचा काय उपयोग, असे त्यानंतर वाटू शकते, आणि नेमके तिथेच व्यायाम सुटतात. तीस किलोंच्या मुलाला दिवसातून अनेकदा जमिनीवरून उचलणाऱ्या आईची पाठ आधीच वाकलेली असते. ते मूल मेढ धरून, गुडघे ताठ ठेवून, फक्त दहा सेकंद स्वतःचा भार स्वतः पेलू शकले, तर तेवढ्या अवधीत त्याचे कपडे बदलता येतात आणि त्याला खुर्चीत बसवता येते. आईला ते तीस किलो उचलावे लागत नाहीत. दहा मीटर चालण्याइतकेच हे दहा सेकंद मोलाचे आहेत, आणि तेही कडकपणातून येत नाहीत. एक दिवसाआड, खांबाला हात टेकून, मोजून केलेल्या उठबशांतूनच ते कमवावे लागतात.